टेबलावर डुगडुगणारा चष्मा

८ जानेवारी

ह्यांच्या हातातली कला उतरत चालली आहे. हे वाक्य कुणासमोर बोलायची माझी छाती नाही, म्हणून लेकीने दिलेली ही वही उघडली. वही राहील गल्ल्याखालच्या खणात, काचा पुसायच्या फडक्यांच्या तळाशी. हे त्या खणाकडे कधी फिरकत नाहीत. फडकं लागलं की बसल्या जागेवरून ‘अगं, फडकं’ एवढंच म्हणतात.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. खाली दुकान, वर आम्ही दोघं. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं, फ्रेमी दाखवणं, ‘हा रंग तुम्हाला खुलतो’ असं अर्धखोटं सांगणं हे माझं काम. ह्यांचं काम खुर्चीपाशी. मागच्या भिंतीला उंच पाठीची खुर्ची आहे, तिच्यात बसवून हे चष्मा नाकाकानावर बसवून देतात. फ्रेमची काडी विजेवर तापणाऱ्या काचेच्या मण्यांच्या भांड्यात खुपसायची, मऊ झाली की अंगठ्याने वाकवायची आणि गार होईपर्यंत तशीच धरायची. मग खुर्चीच्या मागे उभं राहून माणसाच्या कपाळावरून खाली बघायचं. दोन्ही काचा दोन्ही डोळ्यांपासून सारख्या अंतरावर दिसल्या पाहिजेत. तेवढा वेळ दुकानात कुणी शिंकलेलंही ह्यांना चालत नाही.

दारावर पाटी आहे, ‘इथे घेतलेला चष्मा आयुष्यभर मोफत सरळ करून मिळेल.’ प्रत्येक नवं गिऱ्हाईक विचारतंच, आयुष्यभर म्हणजे कुणाच्या, तुमच्या की आमच्या? हे म्हणतात, जो आधी कंटाळेल त्याच्या. विनोद तोच, सांगायची ढबही तीच, आणि मी प्रत्येक वेळी हसते. मला खरंच हसू येतं.

तर आज ह्यांनी माझा चष्मा पुन्हा सरळ केला. नवी कोरी फ्रेम, तरी उजवीकडे काहीतरी फसलंय. वाचताना ओळीवर ओळ चढते. हे कपाळावरून बघून म्हणाले, उजवी काच लांब राहिली आहे. आत वाकवून दिली. बरं वाटलं. वर जाऊन भाजी चिरायला बसले तर पुन्हा तेच.

१७ जानेवारी

शनिवार हा सरळ करण्याचा वार. आज पोस्टमास्तर आले होते. निवृत्त झाल्यापासून हा माणूस दर शनिवारी चष्मा घेऊन येतो. चष्म्याला काही झालेलं नसतं, त्यांना बोलायला कुणीतरी हवं असतं. हे तरीही दर वेळी काडी गरम करतात आणि एका केसाएवढी वाकवतात. ‘आता बघा,’ म्हणतात. पोस्टमास्तर म्हणतात, ‘वा, फरक आहे.’

मी चहा दिला तर पोस्टमास्तर म्हणाले, ‘वहिनी, आज माझ्याकडे बघून डोळा मारताय की काय? मालक समोर बसलेत.’ म्हटलं, तुमच्या वयाला डोळा मारून मला काय मिळणार. आम्ही सगळे हसलो. हे हसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मत्सर वाटला असेल तर छानच आहे, इतक्या वर्षांनी तेवढं तरी.

चहा ओतताना थोडा बशीत सांडला, कारण मला कपाला दोन कडा दिसत होत्या. चष्म्यापायी वैताग आला आहे. बारा वर्षांपूर्वी छातीतली गाठ काढली, तेव्हाचं सगळं हसतखेळत सोसलं, आणि आता एका फ्रेमने रडकुंडीला आणलंय.

२६ जानेवारी

आज पुरावा मिळाला. हे जेवून जरा आडवे झाले तेव्हा माझा चष्मा काढून मी टेबलावर ठेवला. नीट बसवलेला चष्मा टेबलावर चारी बाजूंनी टेकतो, हे ह्यांनीच मला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. माझा डुगडुगला. एक काडी टेकलेली, दुसरी हवेत, आणि उजवी काच आत घुसलेली. इतकी वाकडी फ्रेम ह्या दुकानातून कधी बाहेर गेलेली नाही.

वाईट वाटलं. राग नाही, वाईटच वाटलं. ह्यांना दुसरं काही येत नाही हो. साधं अंडं उकडताना फोडतात. हे बोट, हा अंगठा, एवढीच त्यांची इस्टेट.

गिऱ्हाइकांचे चष्मे मात्र ठीक जातायत. पण गिऱ्हाईक भिडेखातर बोलत नसेल. पोस्टमास्तरांचं तर सोडाच, त्यांना कान धरून बाहेर काढलं तरी ते ‘वा, फरक आहे’ म्हणतील.

मी ठरवलं आहे की कुणाला काही बोलायचं नाही. वाचताना उजवा डोळा हाताने झाकला की ओळी शहाण्यासारख्या वागतात. हे आसपास नसले की झाकते.

४ फेब्रुवारी

आज भांडण झालं. खरं तर भांडणही नाही, मीच एकटी बोलले.

हे पुन्हा माझ्या मागे उभे राहून कपाळावरून बघत होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग समोर येऊन बोट धरलं आणि म्हणाले, ह्याच्याकडे बघ, आता वर बघ. म्हटलं, हे काय नवीन? तर म्हणाले, ‘अगं, फ्रेम बरोबर आहे. तू एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून ये.’

माझं डोकं फिरलं. आपला हात चुकतोय आणि खापर माझ्या डोळ्यावर. म्हटलं, ‘डोळा ठीक आहे माझा. तुमचाच हात आता पूर्वीसारखा राहिला नाही.’

तोंडातून गेलं ते गेलं. ह्यांनी मण्यांच्या भांड्याचं बटण बंद केलं आणि पुढचं दार उघडायला गेले. दार उघडंच होतं.

संध्याकाळी ह्यांच्या आवडीचं सूप केलं. ‘छान झालंय’ म्हणाले. नवीन चष्म्याला गिऱ्हाइकं म्हणतात त्या आवाजात.

११ फेब्रुवारी

मी बाजारातून लवकर परतले तर हे मागच्या खोलीत बसले होते, समोर जुन्या मोडक्या फ्रेमींची टोपली. एकेक काढायचे, गरम करायचे, वाकवायचे, टेबलावर ठेवून बघायचे. शाळेतल्या मुलासारखे सराव करत होते. मला बघून टोपली पायाने टेबलाखाली सारली.

म्हणजे त्यांनाही कळलं आहे की हात गेला. मी पिशवी ठेवली आणि म्हटलं, बटाटे फार सुंदर मिळाले आज.

आता पुढचं बघायला हवं. लेक डोळे तपासण्याचं शिकली आहे, पलीकडच्या भागातल्या चष्म्यांच्या मोठ्या काचबंद दुकानात नोकरी करते. तिने खुर्ची घेतली तर ह्यांना कमीपणाही वाटणार नाही. तिच्याशी बोलायचं. आणि जाता जाता तिच्याकडून माझा चष्माही सरळ करून घ्यायचा. हे म्हणजे शुद्ध बेइमानी. चाळीस वर्षांचा संसार, आणि बाई चष्मा सरळ करायला परक्या दुकानात. पण ओळी फार चढायला लागल्यात, आणि काल जिन्याच्या शेवटच्या पायरीखाली मला आणखी एक पायरी दिसली.

२० फेब्रुवारी

लेकीकडे जाऊन आले. जे झालं ते क्रमाने लिहिते.

तिला म्हटलं, बाबांना सांगू नकोस, त्यांचा हात आता चालत नाही, हा बघ चष्मा. तिने तो टेबलावर ठेवला. डुगडुगला. तिने हवेतली काडी बोटाने दाबून बघितली. मग तिने तो मला घातला, माझ्या मागे गेली आणि कपाळावरून खाली बघितलं. थेट बापासारखी, श्वास रोखून.

म्हणाली, ‘आई, बाबांनी अगदी बरोबर बसवलाय. दोन्ही काचा सारख्या अंतरावर आहेत.’

म्हटलं, मग टेबलावर वाकडा कसा?

तिने चष्मा काढला आणि तसंच पुन्हा वरून बघितलं. मग समोर स्टूल ओढून बसली, माझी हनुवटी धरली. ‘वर बघ. डोकं नाही, फक्त डोळे. आता माझ्या बोटाकडे. किती बोटं दिसतात?’ मी म्हटलं, दोन. तिने एकच धरलं होतं म्हणे.

‘तुझा उजवा डोळा आत गेलाय, आई. डाव्यापेक्षा खोल. बाबा चष्मा त्या डोळ्याला धरून बसवत होते.’

मी म्हटलं, ‘म्हणजे ह्यांचा हात ठीक आहे?’ लेकीने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं आणि म्हणाली, ‘बाबांचा हात उत्तम आहे.’ मला इतकं हलकं वाटलं की दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजावासा वाटला. तिला हसू का येत नव्हतं ते मला रिक्षात बसेपर्यंत कळलं नाही. ती कामावरून रजा टाकून माझ्याबरोबर आली होती.

२१ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलतात कमी. त्यांनी विचारलं, पूर्वी काही मोठं आजारपण? म्हटलं, एकच, छातीत गाठ होती, बारा वर्षं झाली, काढून टाकली, आता मी ठणठणीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट बघितलं. स्कॅन करायला सांगितला.

हे बाहेर बाकावर बसले होते. आम्ही दोघांनी रस्ताभर ‘आज गर्दी किती आहे’ ह्या विषयावर चर्चा केली.

३ मार्च

तीच गाठ आहे. सुईने तुकडा काढून तपासला, छातीतलाच कर्करोग उजव्या डोळ्याच्या खोबणीत, डोळ्याच्या मागे येऊन बसला आहे. कधी निघाला, इतकी वर्षं कुठे दबा धरून होता, कुणी सांगू शकत नाही.

डॉक्टरीणबाईंनी चांगलं समजावलं. डोळ्यामागे गाठ झाली की बहुतेक वेळा डोळा बाहेर येतो. पण स्तनाच्या कर्करोगाचा एक प्रकार असा की तो आजूबाजूचं मांस आखडून घेतो, पिशवीची नाडी ओढावी तसं, आणि डोळा आत खेचला जातो. हलायचाही थांबतो, म्हणून एकाचे दोन दिसतात. पुढचं कर्करोगाचे डॉक्टर बघणार. ह्यांनी विचारलं, बरं होईल ना? त्या म्हणाल्या, मुळापासून जाणार नाही, पण आवरून धरता येईल, आणि अनेकांना चांगला काळ मिळतो. ह्यांनी विचारलं, किती काळ? त्या म्हणाल्या, तो आकडा मी देणार नाही, कारण माझ्याकडे नाही.

मी विचारलं, ह्यांनी सांगितलं होतं तेव्हाच आले असते तर? त्या म्हणाल्या, थोड्या दिवसांनी फारसा फरक पडला नसता. खरंच तसं आहे की माझी समजूत घातली, कोण जाणे. मी त्यांचं ऐकायचं ठरवलं आहे.

घरी आल्यावर ह्यांना म्हटलं, मी तुमच्या हाताला नाव ठेवलं. मला माफ करा. हे म्हणाले, ‘तू म्हणालीस म्हणून मला खरं वाटलं. मी टोपलीभर फ्रेमी वाकवून बघितल्या. सगळ्या टेबलावर सपाट बसत होत्या. मग तुझीच का बसत नाही ते कळेना.’ मग माझा चष्मा हातात घेऊन म्हणाले, ‘कळत होतं. पण त्यापेक्षा हात गेलेला बरा, असं वाटत होतं.’

ते ऐकून मी रडले. हेही रडले. रडून झाल्यावर भूक लागली, म्हणून कालचं सूप गरम केलं.

१६ मार्च

रोज एक गोळी सुरू झाली आहे आणि डोळ्याच्या खोबणीला किरणं द्यायची आहेत. त्यासाठी आज मुखवटा केला. त्या वेळी डोकं तसूभरही हलायला नको, म्हणून जाळीच्या प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ करतात, चेहऱ्यावर ताणून बसवतात आणि गार होऊ देतात.

ह्यांना आत उभं राहू दिलं. मी टेबलावर जाळीखाली, तोंड उघडता येत नाही, आणि हे मुखवटा करणाऱ्या माणसाला विचारतायत, पाणी किती गरम लागतं? आमच्याकडे मणी असतात. गार होताना आखडतं का? तो माणूसही खुलला. त्याला बहुधा पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मी आडवी पडून ऐकतेय की प्लास्टिक कोणतं चांगलं. हसू दाबताना पोट दुखलं. हलू नका, म्हणे.

निघताना ह्यांना राहवलं नाही. त्या माणसाचा चष्मा नाकावरून सारखा घसरत होता. त्याच गरम पाण्यात काडी बुडवून ह्यांनी दोन मिनिटांत सरळ करून दिला. ‘आमच्या दुकानातला नाही, तरी चालेल,’ म्हणाले. मी ह्यांच्या अंगठ्याकडे बघत होते. जरासुद्धा थरथरत नव्हता.

२८ मार्च

शनिवार. किरणं चालू आहेत. डोळा लाल होतो, चुरचुरतो, आणि दुपारी अशी झोप येते की बसल्याजागी डुलकी लागते. बाकी मी मजेत आहे. हे लिहिताना मलाच नवल वाटतं, पण आहे. लेक शनिवारी येऊन माझी जागा सांभाळते. गिऱ्हाइकाला ‘हा रंग तुम्हाला खुलतो’ म्हणत नाही, ‘हा नको’ म्हणते. तरी फ्रेमी माझ्यापेक्षा जास्त खपतात.

पोस्टमास्तरांना कळलं. आले, खुर्चीत बसले, चष्मा सरळ करून घेतला, पण ‘वा, फरक आहे’ म्हणायचं विसरले. मीच म्हटलं, मास्तर, आता डोळा मारला तर तो माझ्या बाजूने नाही हं, दोष खोबणीचा आहे. तेव्हा कुठे हसले.

मला अजून सगळं दुहेरी दिसतं. दोन खुर्च्या, दोन पोस्टमास्तर, दोन नवरे. ह्यांना म्हटलं, एकाने माझी पुरेवाट केली, आता दुसऱ्याचं काय करू? हे म्हणाले, एकाला चहा करायला लाव. उजवीकडच्याला लावला. खरंच करून आणला, साखर विसरून.

७ मे

गोळीचा परिणाम दिसतोय. नवा स्कॅन बघून कर्करोगाचे डॉक्टर म्हणाले, गाठ लहान झाली आहे आणि शांत आहे. डोळा होता तिथे परत येणार नाही, पण आणखी आत जायचा थांबला आहे. दर थोड्या महिन्यांनी बघत राहायचं. मी म्हटलं, म्हणजे मीही आता शनिवारचं गिऱ्हाईक. त्यांना विनोद कळला नाही. बाहेर येऊन ह्यांना सांगितला, त्यांना कळला.

डॉक्टरीणबाईंनी काचेचा नवा नंबर लिहून दिला आहे. उजव्या काचेत तिरपी जाडी घालायची, तिने दोन चित्रं जवळ येतात म्हणे. लेकीने काच मागवली. फ्रेम ह्यांनी निवडली, मला विचारलंही नाही. लाल निवडली. जन्मात लाल घातली नव्हती.

१३ जून

आज माझा चष्मा झाला.

दुकान बंद केल्यावर ह्यांनी मला खुर्चीत बसवलं. ह्या वेळी मुद्दामच वाकडा केला आहे, आधीपासून योजून. टेबलावर ठेवून दाखवला. डुगडुगला. हे म्हणाले, ‘हा दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्याला चालणार नाही.’ चोरीला जायची भीती नाही म्हणजे, मी म्हटलं.

मग घातला. समोर भिंतीवरच्या दोन घड्याळांची एक झाली. पाटीवर चढलेली अक्षरं खाली उतरली. समोर दोन हे उभे होते, ते हळूच एकमेकांत शिरले आणि एकच उरले. जरा वाळलेले वाटले. इतके दिवस दोन दिसत होते म्हणून लक्षात आलं नव्हतं. आरशात बघितलं, चष्मा सरळ. लाल खुलतो मला, अर्धखोटं नाही.

हे मागे गेले, कपाळावरून बघायला. मी नेहमीचं विचारलं, ‘मालक, पाटीवर आयुष्यभर लिहिलंय. कुणाच्या, तुमच्या की आमच्या?’

हे काही बोलले नाहीत. ते उत्तर ह्यांना झोपेतही येतं. मी वाट बघत बसले. माझ्या कपाळावर एक थेंब पडला, कोमट. मग आणखी एक.

मी वर बघितलं नाही. तसंही माझ्या उजव्या डोळ्याला आता वर बघता येत नाही.

जरा वेळाने ह्यांनी माझ्या कानामागची काडी अंगठ्याने दाबून बघितली. म्हणाले, ‘नवीन आहे, थोडी सैल होईल. शनिवारी ये.’

‘येते,’ म्हटलं.